विहिरीला पाणी लागू देऊ नका

पत्र: "मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेत शिकवते. दोन वर्षं एका दीर्घकथेवर काम चाललंय. काळ १९७२ च्या दुष्काळाचा. गावात एकच विहीर, सगळं गाव तिच्यावर पाणी भरतं. पाटलांच्या आणि शिंद्यांच्या घरात जुनं वैर. शिंद्यांची थोरली सून कमळ ही नायिका. विहीर आटत जाते, बायकांची भांडणं होतात, टँकर सुरू होतो आणि ऐन वेळी रस्त्यात बंद पडतो. शेवटी कमळ गाळ काढायला विहिरीत उतरते आणि तिच्या कुदळीखाली झरा लागतो. मैत्रिणीने वाचून सांगितलं, 'टँकर बंद पडणार हे मला आधीच कळलं होतं, आणि झरा लागला तेव्हा हसू आलं.' दोन दिवाळी अंकांकडून कथा परत आली. टंचाईच्या कथेत कलाटणी आणायची तरी कशी? वस्तू संपते नाहीतर मिळते, तिसरं काय होणार? आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कलाटणी असायलाच हवी का? सोबत पहिली चार प्रकरणं आणि शेवटचं पाठवत आहे. – कोरडी विहीर"

ताई,

आधी त्या मैत्रिणीला जपा. "हसू आलं" असं तोंडावर सांगणारी वाचक नशिबाने मिळते. बाकीचे "मनाला भिडलं" म्हणतात आणि चहाकडे वळतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही, नको. दर प्रकरणाला धक्का बसायला लागला की वाचक धक्क्याची वाट बघत वाचतो, माणसांकडे बघतच नाही. एवढ्या लांबीच्या कथेला दोन कलाटण्या पुरेत. त्यातलीही एक लहान असावी.

आता "वस्तू संपते नाहीतर मिळते, तिसरं काय होणार?" हे वाक्य. तुमचं सगळं दुखणं त्यातच आहे. संपणं आणि मिळणं ही दोन्ही टोकं आभाळाच्या हातातली. टँकरचा पाटा तुटला, झरा लागला, उद्या कदाचित पाऊसही पाडाल. त्यात तुमच्या माणसांनी काय केलं? ती नुसती सोसत बसली. टंचाईत माणसाचा हात चालतो तो मधल्या जागेत, वाटपात. घागर कुणाची पुढे सरकते, यादीत नाव कुणाचं चढतं, कणगीवर झाकण ठेवून कोण बसतं, किल्ली कुणाच्या कनवटीला आहे. कलाटणी तिथे शोधायची.

माझी आजी पिठाचा डबा बंद करण्याआधी पीठ तळव्याने सारखं करायची आणि त्यावर बोटाने एक नागमोडी रेघ ओढायची. मूठभर पीठ कुणी उचललं तरी रेघ मोडणार. ती हे कुणाला सांगत नसे, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. आता समजा हे तुमच्या कथेत आहे. एका सकाळी म्हातारी डबा उघडते. रेघ जागच्या जागी आहे. फक्त बारीक आहे. ती लहान बोटाने ओढलेली आहे.

बघा, पीठ संपलेलं नाही. कुठून मिळालेलंही नाही. मूठभर कमी झालंय, बस. पण त्या घरातली सगळी नाती त्या क्षणी हलली. म्हातारीला कळलंय की पोराने चोरलं. पोराला माहीत नाही की तिला कळलंय. आणि चुलीपुढे बसलेल्या सुनेला दोघांचं कळलंय. आता म्हातारी त्या बारीक रेघेवर स्वतःचं जाड बोट फिरवून झाकण लावते आणि त्या दिवशी "मला भूक नाही" म्हणते, की पोराला हाक मारते, यावर तुमची पुढची दहा पानं ठरतील. हेच तुमचं तिसरं.

मात्र यासाठी ती रेघ वाचकाने आधी दोनदा पाहिलेली हवी. एकदा सवय म्हणून, ओझरती. दुसऱ्यांदा दुसरंच काही चाललेलं असताना, म्हणजे सुनेशी वाद घालता घालता म्हातारीचं बोट आपसूक फिरतंय अशी. ऐनवेळी "त्यांच्या घरात पिठावर रेघ ओढायची पद्धत होती" असं सांगायला गेलात तर तुमच्या मैत्रिणीला पुन्हा हसू येईल.

तुमच्या पहिल्या चार प्रकरणांत मी एक उद्योग केला. पेन्सिल घेऊन मोजलं. भेगाळलेली जमीन सहा वेळा येते. तापलेलं, रणरणतं, आग ओकणारं आभाळ नऊ वेळा. कमळच्या घरात माणसं किती, त्यांना दिवसाला घागरी किती लागतात, मिळतात किती, हे एकदाही नाही. मग तिसऱ्या प्रकरणात तिची घागर फुटते तेव्हा आम्ही हळहळायचं कशाच्या जोरावर? चार घागरींतली एक फुटली की दोनांतली, यात फार फरक आहे. हिशोब वाचकाच्या डोक्यात आधी पक्का बसू द्या. कोरडेपणाची वर्णनं कापली तरी चालतील, आकडे कापू नका.

आकडा नुसता भागला तरी त्यातून कलाटणी निघते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे, पाच लाख लिटर. पाच लाख ऐकलं की बरं वाटतं. आता २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर आहे, तिने भागा. माणशी सव्वा लिटर. एक तांब्या, वर फुलपात्रभर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, पंचवीस लाख लिटरची. तरी माणशी साडेसहा लिटर, निम्मी कळशी. एखादं पात्र हा भागाकार जमिनीवर काडीने करतंय आणि शेजारी लोक टाळ्या वाजवतायत, असा प्रसंग लिहिला तर टँकर बंद पाडायची गरजच उरत नाही. पाणी वेळेवर येतं, पुरेपूर येतं, आणि तरीही पायाखालची जमीन सरकते. त्याच वर्षी मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावली होती. पाचापेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. म्हणजे सहा जणांच्या घराने पाण्याला जायचं तर सहावा बेकायदा. घरी कोण राहणार?

पण तुमची कथा २०१६ ची नाही, आणि इथे माझी एक तक्रार आहे. बाहत्तर पाहिलेली मराठवाड्यातली म्हातारी माणसं एक वाक्य हमखास बोलतात: "तेव्हा पाणी होतं, धान्य नव्हतं, आता धान्य आहे, पाणी नाही." यात थोडी अतिशयोक्ती असेल, विहिरी तेव्हाही आटल्या. पण त्या दुष्काळाची चव विचारली तर लोक सांगतात ती लाल मिलोची, परदेशातून आलेल्या त्या ज्वारीची. आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीची, त्या कोरड्या तयार खाण्याची. तुमच्या कथेत मिलो नाही, सुकडी नाही, खडी नाही. तुमच्या गावातून दुष्काळी कामावर एकही माणूस गेलेला नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्यामागे हा सगळा अनुभव होता. तुम्ही आजच्या टंचाईला बाहत्तरचं लुगडं नेसवलंय. टँकरवरून ते लगेच ओळखू येतं.

धान्य टंचाईचं केलंत तर हाताशी काय काय येतं पहा. मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, नाव असलेला माणूस मेला आणि नाव तसंच राहिलं. रेशनच्या कार्डावर आजीचं नाव आहे, आजी मात्र संक्रांतीलाच गेली. घराने ते तलाठ्याला कळवलं नाही, आणि आता पोरींना आजीबद्दल कुणी विचारलं तर "झोपलीय" म्हणायला शिकवलंय. शोक करायचा तर धान्य बंद. रडणं एवढं महाग झालेलं घर मला तुमच्या झऱ्यापेक्षा जास्त वाचावंसं वाटेल.

आणि पेव. तुमच्याकडे पेवं असायची हे तुम्हाला मी काय सांगणार! जमिनीत खोल खड्डा, आत ज्वारी, वरून बंद करून माती सारलेली. वरून बैलगाडी गेली तरी कुणाला पत्ता नाही. कुठे आहे हे घरातल्या एका-दोघांनाच माहीत. कथालेखकाला याहून चांगली वस्तू कुणी करून देणार नाही. शिवाय पेवाचा स्वतःचा एक कायदा आहे: उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा जीव घेते. तोंड उघडं टाकायचं, वारं जाऊ द्यायचं, कंदील सोडून तो विझत नाही ना ते पाहायचं. म्हणजे चोरून पेव उघडणाऱ्याची पंचाईत झाली. घाई केली तर जीव जाणार, वाट पाहिली तर गाव जागं होणार. ही कोंडी तुम्ही तयार केलेली नाही, ती वस्तूतच आहे. अशा कोंडीतून माणूस काय करेल याचा अंदाज वाचकाला येत नाही, आणि केल्यावर मात्र "दुसरं काय करणार होता" असं वाटतं.

टंचाईला असा एखादा कायदा हवाच, वाचकाला आधीपासून माहीत असलेला. आपल्याकडची सगळ्यात जुनी उदाहरणं याच कायद्यावर उभी आहेत. द्रौपदीची थाळी घ्या. थाळी कितीही जणांना जेवू घालेल, पण द्रौपदीचं जेवण होईपर्यंतच. ती जेवली की त्या दिवसापुरती रिकामी. दुर्वास शिष्यांचा लोंढा घेऊन येतात ते तिचं जेवण झाल्यावर. संकट कुठलं? पांडव गरीब आहेत हे नाही. नियम आणि वेळ एकमेकांवर आदळले, हे. दुर्योधनाने दुर्वासांना तेवढ्यासाठीच त्या वेळी धाडलं, म्हणजे धक्क्यामागे माणसाचा हातही आहे. आणि सुटका होते ती थाळीला चिकटून राहिलेल्या भाजीच्या एका पानाने. पान थाळीतलंच होतं, वरून पडलं नाही.

तुमचा झरा वरून पडलाय. (खालून आलाय म्हणा, पण पडला वरूनच.) तुम्ही म्हणाल, मग दामाजीपंतांचं काय? मंगळवेढ्याची कोठारं दुष्काळात लोकांना लुटवली, बेदरच्या बादशहाचा हुकूम सुटला, आणि ऐनवेळी विठू महार दरबारात मोहरा ओतून पावती घेऊन गेला. हीसुद्धा आयती सुटकाच की. बरोबर. पण त्या कथेत दामाजीपंत आधीच सगळं घालवून बसलेले असतात. कोठार उघडतानाच त्यांना ठाऊक असतं की किंमत मानेची आहे. निर्णय होऊन गेल्यावर विठोबा येतो, निर्णयाऐवजी येत नाही. शिवाय ऐकणारा विठोबाला मानून बसलेला असतो. तुमच्या कमळने झऱ्याच्या बदल्यात काय घालवलं? शेवटच्या प्रकरणात मी दोनदा शोधलं. काही नाही. तिची कुदळ बोथट झाली असेल एवढंच.

आता जे सांगायला मला थोडं अवघड वाटतंय ते. "गावात एकच विहीर, सगळं गाव तिच्यावर पाणी भरतं." १९७२ सालचं असं गाव मला दाखवा. अस्पृश्यता पाळणं १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरलं होतं, पण विहिरीच्या काठावर तो कायदा किती गावांत पोचला होता, हे तुमच्याच शाळेतल्या मुलांच्या आजोबांना विचारा, पण दोन वेगवेगळ्या वस्त्यांतल्या आजोबांना विचारा. महाडचं चवदार तळं १९२७ च्या मार्चमध्ये आटलेलं नव्हतं, भरलेलं होतं. नगरपालिकेने ते सर्वांना खुलं करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. पाणी होतं, ठराव होता, आणि तरी ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. टंचाईची गोष्ट लिहायला बसलेल्या माणसाने हे विसरून चालत नाही. तुमच्या विहिरीत अजून पाणी आहे तेव्हाच काही घरांसाठी ती कोरडी आहे. कथेची सुरुवातच तिथून हवी होती.

हे मी समाजशास्त्राचा तास घ्यायला सांगत नाही. तुमची कलाटणी तिथे लपलेली आहे म्हणून सांगते.

तुम्ही विहिरीचं पाणी खाली जाताना दाखवलंय, ते छान आहे. कठड्यावरच्या दोराच्या खाचा तर फार छान. पण पाणी खाली गेलं की दोर कमी पडतो, हे तुम्ही लिहिलंच नाही! पाणी दोन परस, म्हणजे दोन पुरुष, खाली गेलं तर दोर दोन परसांनी वाढवायला हवा. तो आणायचा कुठून? अंबाडी पिकलेली नाही, घायपात वाळून गेलंय. दोर वळणारी घरं कुठली? बहुतेक गावांत ती मातंग वस्तीतली. मोटेचे दोर, नाडा काय आणि सोंदूर काय, त्यांनी वळायचे, आणि त्याच दोराने निघालेलं पाणी कुणीतरी वरून त्यांच्या घागरीत ओतेपर्यंत उन्हात थांबायचं. दुष्काळात ती घरं खडीच्या कामावर निघून गेली तर गावात पाणी आहे, विहीर आहे, घागरी आहेत आणि पाण्यापर्यंत पोचणारा दोर नाही. पाटलांचा दोर कमी पडतो, शिंद्यांचाही कमी पडतो. इथे दोन्ही घरांचे दोर एकत्र बांधून वैर मिटवायचा मोह तुम्हाला होईल. कृपा करून आवरा. बांधा हवं तर, पण मग रात्री ती गाठ सोडायची की नाही, आणि सोडायची तर कुणी, यावर भांडण लावा. चार दिवसांनी एक तुकडा सकाळी जागेवर नसू दे.

आणि गावातून गेलेल्या त्या घरातलं एखादं माणूस, समजा म्हातारी, मागे राहिलेली असू दे. तिला कामावर जाववत नाही, पण दोर वळता येतो. तिच्याकडे जाणं भाग आहे, आणि ती दोराच्या बदल्यात काय मागेल हे मी तुम्हाला सांगणार नाही. धान्य मागेल असं वाचकाला वाटेल, कारण तुम्ही तोवर तिची उपाशी चूल दाखवलेली असेल. तिने धान्य मागू नये, एवढंच मी म्हणेन.

जाता जाता एक किरकोळ गोष्ट: १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने मजुराच्या मजुरीतलं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. एका कागदावरचा एक आकडा बदलला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. उपाशी माणूस अन्न देणारं काम सोडून जातो, हे कुणी कल्पनेतून लिहिलं असतं तर संपादकाने "पटत नाही" म्हणून परत केलं असतं. तुमच्या मुकादमाच्या पात्रासाठी हे लक्षात ठेवा. तो सध्या नुसता शिव्या देतो. त्याच्या हातात एक माप द्या.

काय काढायचं ते सांगते. टँकर काढा, अख्खा. झरा काढा. पाटलांच्या मुलाचं कमळकडे बघणंही काढा, त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. कमळची सासू ठेवा. ती तुमच्या कथेतली सगळ्यात जिवंत बाई आहे, तिला पिठाचा डबा देऊन टाका. धाकटा दीर सात वर्षांचा आहे, त्याचं बोट बारीक असेल. आणि विहीर पायऱ्यांची आहे की आड आहे ते ठरवा. दुसऱ्या प्रकरणात बायका पायऱ्या उतरतात, शेवटच्या प्रकरणात कमळ दोराने उतरते. मला वाटतं आडच करा.

कारण शेवटच्या प्रकरणातलं एक वाक्य मला सोडायला तयार नाही. तुम्ही लिहिलंय, "दोर धरून कमळ खाली उतरली." पाच परस खोल आड, दोर जोडलेला, गाठ कुणीतरी दुसऱ्याने मारलेली, तळाला गाळ. तुम्ही तिच्याबरोबर खाली गेलात आणि झरा शोधत बसलात. मी वरच थांबले. वर तो दोर कुणी धरलाय, ते तुम्ही लिहिलेलं नाही.